आरोंदेकर मॅडम आणि परत आलेले कलम

मुलुंड, माघातला शेवटचा रविवार

संपादक मंडळास आणि मॅडमच्या सर्व स्नेह्यांना नमस्कार.

आधी माफी मागते. श्रीमती कुमुद आरोंदेकर यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख मागणारे आपले पत्र दिवाळीच्या सुमारास आले. नंतर आठवणीचे निरोप आले, फोन आले, आणि प्रत्येक वेळी ‘लिहितेय’ एवढे सांगून मी गप्प बसले. ते अगदीच खोटे नव्हते. लिहीत होते आणि खोडत होते. आपण सुचवलेला विषय होता, ‘यंत्रालाही कायदा लिहायला शिकवणाऱ्या मॅडम’. विषय खरा आहे. पण त्याची एक बाजू लिहिली तर मॅडमना पटणार नाही आणि दुसरी लिहिली तर ग्रंथाला शोभणार नाही, या पेचात हिवाळा गेला. शेवटी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "दोन्ही लिही. छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील."

म्हणून दोन्ही लिहिते.

मॅडमची आणि माझी ओळख झाली ती वांद्र्याच्या आमच्या कार्यालयात. राज्याच्या कायद्यांचे मसुदे तयार करणारी ही शाखा. मी विधी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली, इंग्रजी बरे, मराठी त्याहून बरे, आणि दोन्हींचा थोडा गर्व. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला एक कलम लिहायला दिले. परवाना नसलेल्या टपरीवर नोटीस कशी बजावायची, एवढेच. मी ते रात्री घरी बसून घोटून घोटून लिहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केले.

"ही शेवंताबाई. भांडुपला राहते. मुलगा कामाला जातो. हिला वाचता येतं, पण चष्मा तुटलाय. तुझ्या कलमाप्रमाणे हिच्या टपरीवर नोटीस लागली. आता चालव हिला."

मी गोंधळले. "ती मुदतीत लेखी उत्तर देईल, मॅडम."

"कुठे?"

"सक्षम प्राधिकाऱ्याकडे."

"तो कुठे बसतो?"

"ते नियमांत येईल."

"नियम कधी येतील?"

"कायद्यानंतर... केव्हातरी."

"आणि नोटीस?"

नोटीस तर लगेच लागणार होती. "म्हणजे बाई उन्हात उभी," असे म्हणून मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. आणि मग, राग आला की त्यांच्या तोंडी हमखास येते त्या मालवणीत, "ह्यां काय लिवलंस गो?"

शेवंताबाईला कायद्यातून चालवणे ही आमच्या शाखेची रीतच होती. कोणतेही कलम तयार झाले की ते लिहिणाऱ्याने शेवंताबाईला त्यात उभे करायचे आणि पहिल्या नोटिशीपासून शेवटच्या अपिलापर्यंत चालवत न्यायचे. ती घरी पोचली तर कलम पुढे जायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांना चिडवायचो, "काय रे, तुझी शेवंता आज कुठे अडकली?" एका सहकाऱ्याने जमीन महसुलाच्या एका प्रकरणात तिला अशी काही फिरवली की मॅडम म्हणाल्या, "अहो, तिला निदान चहा तरी पाजा मध्ये!" बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. आम्हाला तो नंतर असा अंगवळणी पडला की मी आजही घरभाड्याचा करार वाचताना त्यात शेवंताबाईला उभी करते.

मॅडमचा जन्म भांडुपचा. वडील गिरणीत होते, गाव कुडाळच्या बाजूचे. गिरणी बंद पडल्यावर घरात जे दिवस आले त्यांबद्दल त्या फारशा बोलत नाहीत. रात्रीच्या महाविद्यालयात शिकून त्या वकील झाल्या, पण न्यायालयात उभ्या राहिल्या नाहीत. "मला भांडता येत नाही, लिहिता येतं," असे त्या सांगत. त्यांची शिस्त कडक होती, पण तिच्यात मिरवणे नव्हते. एकदा एका नव्या कायद्याचे वर्तमानपत्रांतून कौतुक झाले. त्याचा मसुदा सर्वस्वी मॅडमचा होता. मी म्हणाले, निदान कुठे तरी आपले नाव यायला हवे होते. त्यावर त्या म्हणाल्या, "कायद्यावर आपलं नाव नसतं, म्हणून राग काढायलाही कुणी आपल्या दारात येत नाही. ही सोय आहे गं, त्यात त्याग वगैरे काही नाही." हे त्या सहज बोलल्या असे तेव्हा मला वाटले होते.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचे तर एकच सांगते. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी दर शनिवारी दुपारी मॅडम भांडुपहून बसने आमच्याकडे मुलुंडला येत. येताना डब्यात कुळथाची पिठी असे. "जा, भाजी आण, केस धू, झोप, काय वाटेल ते कर. चार तास मी आहे." आई अस्पष्ट बोलायची, आम्हाला घरच्यांनाही कळायचे नाही. मॅडम तिच्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि आईच्या प्रत्येक हुंकाराला गंभीरपणे उत्तर देत. एकदा मी बाहेरून आले तर आई हसत होती. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आईचं म्हणणं आहे की मंत्र्यांना बोलता येतं, तिला येत नाही, तरी अर्थ तिच्याच बोलण्यात जास्त." आई गेली. ती त्या वर्षी हसली ते बहुतेक शनिवारीच.

आता विषयाची दुसरी बाजू.

मॅडम निवृत्त झाल्या, त्याला बरीच वर्षे झाली. त्यानंतर आमच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्ता आली. उपनगरांतल्या जुन्या इमारती, चाळी आणि वस्त्या यांच्या पुनर्विकासाचे निरनिराळे कायदे आहेत. एकमेकांत गुंतलेले, एकमेकांना छेद देणारे. ते सगळे एकत्र करून एकच कायदा करायचा असे ठरले आणि त्याचा पहिला मसुदा यंत्राकडून करून घ्यायचे ठरले. यंत्राला शिकवायला कुणीतरी जाणते हवे म्हणून मॅडमना सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. विधेयकाचे नाव आणि अधिकाऱ्यांची नावे मी इथे मुद्दाम देत नाही. ग्रंथ छापून होईपर्यंत त्या विधेयकाचे जे व्हायचे ते झालेले असेल.

मॅडम यंत्राला विरोध करतील अशी आमची अटकळ होती. ती पार चुकली. काचबिंदूमुळे त्यांची नजर बरीच गेली होती. त्या पडद्याशेजारी कान देऊन बसत आणि मी मोठ्याने वाचत असे. व्याख्या कशा जुळवाव्यात, अपवाद सांगणारे परंतुक कुठे जोडावे, जुना कायदा रद्द करताना जुने हक्क कसे जपावेत, हे त्यांनी त्याला न कंटाळता शिकवले. निरनिराळ्या कायद्यांतल्या ‘भाडेकरू’च्या व्याख्यांतली विसंगती यंत्राने क्षणात मांडून दाखवली तेव्हा त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. "आम्ही या कामात डोळे घालवले गं," त्या म्हणाल्या. "याला नुसतं विचारलं!" काही दिवसांत यंत्र त्यांच्यासारखेच लिहू लागले. तीच छोटी वाक्ये, तोच संयम. ऐकताना मला कधी कधी वाटायचे, हे मॅडमनीच सांगितले आहे की काय. आपल्या पत्रातले ‘यंत्रालाही शिकवणाऱ्या’ हे शब्द या अर्थाने शंभर टक्के खरे आहेत.

मसुदा पुरा झाला त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "चला, आता शेवंताबाईला बोलवा."

मी प्रश्न टाइप केला. शेवंताबाई, भांडुपच्या एका चाळीतली भाडेकरू, चाळ पाडून नवी इमारत होणार, तिला खोली कशी मिळेल? यंत्राने तिला उत्तम चालवले. कुठे जायचे, कोणते कागद न्यायचे, अर्ज फेटाळला तर कुणाकडे दाद मागायची, सगळे. मॅडम मान डोलावत होत्या. मग त्यांनी विचारायला सांगितले, "ती त्या वेळी गावी असेल तर?"

यंत्राने उत्तर दिले. मी वाचले: मुदतीत अर्ज न आल्यास संबंधित व्यक्तीने आपला हक्क सोडून दिला असल्याचे मानण्यात येईल; ही प्रस्थापित तरतूद असून पुढील कायद्यांत आढळते. खाली यादी होती. मी एकेक नाव वाचू लागले. पहिलेच नाव ऐकून मॅडमनी हात वर केला.

"पुरे."

"काय झालं, मॅडम?"

"ते कलम माझं आहे."

मी काही विचारण्याआधीच त्या सांगू लागल्या. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी ते लिहिले होते. लोक अर्ज करत नाहीत, प्रकरणे लोंबकळतात, बांधकाम अडते, म्हणून वरून आदेश होता की काहीतरी निश्चित शेवट हवा. त्यांनी तो एका वाक्यात दिला. वाक्य घट्ट होते. पुढे उच्च न्यायालयातही टिकले. आणि कायदा लागू झाल्यावर एक दिवस त्यांच्या घरी परबमामा आले. त्यांच्याच आळीतले, वडिलांबरोबर गिरणीत असलेले. भाऊ अंथरुणाला खिळला म्हणून ते गावी राहिले होते. परत आले तेव्हा चाळ पाडलेली होती आणि यादीत त्यांचे नाव नव्हते. कुमुद सरकारात कायद्याचे काम करते, एवढे ऐकून ते विचारायला आले होते.

"मी त्यांना म्हणाले, मामा, हा कायदा मीच लिहिलाय," मॅडम सांगत होत्या. "ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच विचारलं. ‘तू लिवलंस? मगे तुकाच म्हायत आसतला, मी खोली कधी सोडलंय ता.’"

मी पडद्यावरची यादी बंद केली.

"मग?"

"मग काय. दुरुस्ती सुचवली, फाइल फिरली, परत आली नाही. मामा लेकीकडे राहिले, जावयाच्या घरात, शेवटपर्यंत. शेवंताबाई त्यानंतरची, गं. आधी असती तर ते वाक्य माझ्या टेबलावरून उठलं नसतं."

इतकी वर्षे आम्ही ज्या रीतीवर हसत होतो तिचे मूळ मला तेव्हा कळले. आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या धंद्यात कुणीही कोऱ्या कागदावर सुरुवात करत नाही. आधी जुना, न्यायालयात टिकलेला नमुना शोधायचा आणि तो उचलायचा. मॅडमचे कलम टिकले होते, म्हणून ते पुढच्यांनी उचलले, त्यांच्याकडून त्यापुढच्यांनी. यंत्राने वेगळे काही केले नाही. आमच्यासारखेच केले, फक्त सगळे नमुने एकदम पाहिले. मॅडमचे कलम सगळीकडे होते. त्यांचा पश्चात्ताप कुठल्याच कायद्यात छापलेला नव्हता. मग तो त्याला दिसणार कुठून?

न्यायाने हेही लिहायला हवे: मॅडमनी लगेच यंत्राला पर्याय लिहायला सांगितला, आणि त्याने तो चांगला लिहून दिला. अर्ज नसेल तर चौकशी करायची, गावच्या पत्त्यावर नोटीस पाठवायची, आणि माणूस सापडेपर्यंत त्याच्या वाट्याची खोली राखून ठेवायची. मॅडमनी एक शब्द बदलला. शेवंताबाई त्यातून घरी पोचली.

तो पर्याय घेऊन आम्ही आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब वाईट गृहस्थ नाहीत. मॅडमना पाहून ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, हे झकास आहे. पण नवं आहे. न्यायालयात उद्या काय होईल सांगता येत नाही. जुनं टिकलेलं आहे."

"टिकलंय म्हणून तर बदला म्हणतेय."

"आणि खोल्या राखून ठेवल्या तर एकही विकासक पुढे येणार नाही. अख्ख्या योजनेची वाट लागेल. त्या चाळीतल्या बाकी लोकांनी काय करायचं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मॅडमनी तो नाकारला नाही. "मुदत घाला मग राखून ठेवायला. वर्ष घाला, दोन घाला. पण त्याने सोडली असं लिहू नका. त्याने सोडलेली नसते."

साहेब हसले. "मॅडम, तुमचंच कलम आहे. तुमच्याच कलमासाठी मी तुमच्याशी किती भांडू?"

मॅडमनी चहा संपवला. बाहेर आल्यावर जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता." त्या विनोद करत होत्या. मला हसू आले नाही.

त्यानंतर त्यांनी सल्लागाराचे काम सोडले. विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकती आणि सूचनांसाठी जाहीर झाला तेव्हा एक सामान्य नागरिक म्हणून त्यांनी आपली सूचना पाठवली. त्यांनी सांगितली, मी टाइप केली. पर्यायी कलम आणि त्याखाली चार ओळींची कारणे. परबमामांचे नाव नव्हते, शेवंताबाईचे नव्हते, स्वतःचे कलम असल्याचा उल्लेखही नव्हता. मी म्हणाले, मॅडम, ते लिहू या, परिणाम होईल. त्या म्हणाल्या, "कायद्याला कारण लागतं, रडणं नाही." मी आणखी आग्रह धरायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सूचनांचा ढीग आला. त्यांचे वर्गीकरण आणि सारांशही यंत्राकडूनच झाले; माणसांना ते जमले नसते. त्या तक्त्यावर नजर फिरवण्याचे काम या आठवड्यात माझ्याकडे आले. विरोध, पाठिंबा, मोबदला, पात्रता, असे रकाने होते. मॅडमची सूचना मला त्यांतल्या एकातही सापडेना. शेवटी सापडली ‘मसुद्याच्या भाषेबाबत’ या रकान्यात. सारांश एवढाच: ‘एका कलमासाठी पर्यायी शब्दरचना सुचवली आहे. सूर अनुकूल.’ भाषेबाबतच्या सूचना विधेयक मंजूर झाल्यानंतर, छपाईच्या वेळी पाहायच्या, असे ठरलेले आहे. विधेयक मंत्रिमंडळापुढे जायची टिपणी तयार आहे. तिच्यात पात्रतेच्या हरकतींचा विचार आहे. भाषेच्या सूचनांचा नाही.

मी शुक्रवारी संध्याकाळी मॅडमना फोन केला. रकान्याचे सगळे सांगितले. ऐकून त्या चक्क हसल्या.

"जन्मभर आवाज न चढवता लिहिलं ना, त्याचं फळ. आता बाई ओरडतेय हे कुणाला कळणार?"

"मी साहेबांशी बोलते, मॅडम."

"बोल. पण तुझी नोकरी आहे, तुझं घर आहे. बघून बोल."

"आणि सत्काराच्या समारंभाचं काय सांगू? मंडळ सन्मानपत्रावर काय लिहायचं ते विचारतंय."

"त्यांना सांग, सत्कार करायचाच असेल तर ते कलम काढा. नाही जमलं तर शाल द्या. थंडी आहे तोवर उपयोगी पडेल."

स्नेहीहो, या ग्रंथात इतरांनी मॅडमच्या विद्वत्तेबद्दल लिहिले असेल आणि ते सगळे खरे असेल. मी इतकेच जोडते. आपल्या लेखणीतून उतरलेल्या एका वाक्याचे काय झाले ते पाहायला त्या पुन्हा पुन्हा गेल्या. आधी तरुण वयात गेल्या, आता नजर गेल्यावर माझा दंड धरून जिना चढून गेल्या. ते वाक्य आता पूर्वीपेक्षा मोठे होऊन, अख्ख्या उपनगरांवर लागू व्हायला निघाले आहे. घाटकोपरच्या चाळींना, बोरिवलीच्या वस्त्यांना, भांडुपच्या त्यांच्या स्वतःच्या आळीलाही. कुणीतरी भावाच्या आजारपणात गावी जाईल आणि परत आल्यावर त्याला कळेल की त्याने खोली सोडली. हे थांबेल असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. साहेबांची अडचण खरी आहे, टिपणी तयार आहे, आणि मी या शाखेत फार वरची नाही. गौरवलेखातही खोटी आशा लिहू नये, हे मॅडमकडूनच शिकले.

त्यांना उदंड आयुष्य लाभावे. उरलेली नजर उरावी, गुडघे साथ देत राहावेत, शनिवारी कुणाच्या तरी आजारी आईशेजारी बसून वर्तमानपत्र ऐकण्याएवढी उसंत असावी. आणि आपल्याच जुन्या वाक्याशी भांडण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा येऊ नये. आली, तर त्यांना एकटीने भांडावे लागू नये.

रोज दैनंदिनी लिहायची सवय आहे, त्यामुळे शेवटी उद्याचे काम लिहिल्याशिवाय कागद मिटवता येत नाही. ग्रंथात ही ओळ नको असेल तर काढून टाकावी.

उद्या: मॅडमची सूचना ‘भाषा’च्या रकान्यातून काढून ‘पात्रता’त घेणे, आणि तसे का केले ते माझ्या सहीने टिपणीवर लिहिणे.